इन्सुलिनचा निरोप : रिसेप्टरपासून चयापचयापर्यंत

जेवणानंतर रक्तातली साखर वाढते, स्वादुपिंडातून इन्सुलिन पाझरते आणि निरोगी माणसात दोनेक तासांत साखर पुन्हा ठिकाणावर येते. या सगळ्या वेळात इन्सुलिनचा रेणू साखरेला हातही लावत नाही. तो तिला जाळत नाही, साठवत नाही, वाहूनही नेत नाही. पेशीच्या आवरणातून बाहेर डोके काढून बसलेल्या एका प्रथिनाला तो काही काळ चिकटतो, इतकेच त्याचे काम. नंतर तो बरेचदा त्या प्रथिनासकट आत ओढला जातो, पण तो मुख्यतः मोडीत निघण्यासाठी. त्या प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात. त्याला बाहेर मिळालेला निरोप आतल्या शेकडो विकरांपर्यंत ज्या घटनांच्या साखळीतून पोचतो, तिला संदेशवहन म्हणतात.

शालेय पुस्तकांत इन्सुलिनला किल्ली म्हणण्याची पद्धत आहे. उपमा सोपी आहे, पण तिच्यात खोट आहे. किल्ली फिरली की तेच कुलूप उघडते आणि साखर त्याच दारातून आत शिरते, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात कुलूप एकीकडे आणि साखरेचे दार दुसरीकडे. एवढेच नव्हे, तर इन्सुलिन नसताना ते दार आवरणात फारसे बसवलेलेच नसते. कुलूप आणि दार यांच्यामध्ये काय घडते, हे उलगडायला जवळजवळ अर्धे शतक लागले.

ही साखळी कोणा एका शास्त्रज्ञाने शोधलेली नाही. तिच्या एकेका कडीमागे कोणाची तरी दोन-चार वर्षे आहेत, आणि ती व्यक्ती पुष्कळदा पोस्टडॉक होती: पीएच.डी. संपलेली, स्वतःची प्रयोगशाळा अजून न मिळालेली, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत मुदतीच्या फेलोशिपवर काम करणारी आणि अनेकदा दुसऱ्या देशातून आलेली. शोधनिबंधात तिचे नाव पहिले असते आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे शेवटचे. पाठ्यपुस्तकापर्यंत पोचते ते बहुधा शेवटचे नाव.

टोरांटोत जानेवारी 1922 मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिनचे इंजेक्शन मिळाले आणि मधुमेह हा मुलांसाठी मृत्युदंड राहिला नाही. औषध हातात आले, पण ते काम कुठे करते हे कोणालाच माहीत नव्हते. ते पेशीत शिरून एखाद्या विकराला चालना देत असावे, असा अंदाज होता. 1949 मध्ये शिकागोत राख्मिएल लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत गॅलॅक्टोज ही साखर वापरली. स्नायू गॅलॅक्टोज जाळू शकत नाहीत, तरीही इन्सुलिन दिल्यावर ती रक्तातून ऊतींमध्ये जास्त पसरली. म्हणजे इन्सुलिनचा परिणाम साखर जाळण्याच्या आधीच, पेशीच्या वेशीवर होत होता.

रिसेप्टर असणार, हे तर्काने पटत होते. तो दाखवायचा कसा, ही अडचण होती. 1971 मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये, म्हणजे एनआयएचमध्ये, फ्रान्सहून आलेले पिएर फ्रेशे, जेसी रॉथ आणि डेव्हिड नेव्हिल यांनी ते साधले. इन्सुलिनला किरणोत्सारी आयोडिन जोडायचे आणि यकृतपेशींच्या आवरणाच्या तुकड्यांना ते किती चिकटते हे मोजायचे, ही कल्पना नवी नव्हती. चुकत होते ते आयोडिनचे प्रमाण. जास्त अणू लागले की इन्सुलिन बिघडते आणि मग ते कशालाही चिकटते. या गटाने एका रेणूला सरासरी एकच अणू लागेल अशी काळजी घेतली. त्याहून महत्त्वाची होती त्यांची कसोटी. इन्सुलिनची निरनिराळी रूपे घेतली, तर शरीरात जे रूप जितके निष्प्रभ तितकेच ते आवरणालाही कमी चिकटत होते. नुसते चिकटणे म्हणजे रिसेप्टर नव्हे. चिकटणे आणि परिणाम यांचे प्रमाण जुळले पाहिजे. हा निकष पुढे संप्रेरकांच्या साऱ्या संशोधनात रूढ झाला.

याच सुमारास आणखी एक चकित करणारी गोष्ट समोर आली. मेदपेशीकडून इन्सुलिनचा पूर्ण परिणाम मिळवायला तिच्यावरचे थोडेच टक्के रिसेप्टर व्यापले गेले तरी पुरते. बाकीचे फुकट नसतात. त्यांच्या संख्येमुळे पेशी अगदी विरळ इन्सुलिनलाही दाद देते. पण याचा दुसरा अर्थ असा, की रिसेप्टर निम्मे झाले तरी पेशीच्या कमाल प्रतिसादात फरक पडेलच असे नाही. मधुमेहाचे कारण केवळ रिसेप्टरच्या संख्येत शोधणाऱ्यांना हा आकडा कायम अडचणीचा ठरला.

पुढची कडी सापडली ती रुग्णांच्या रक्तामुळे. नेहमीच्या कितीतरी पट इन्सुलिन देऊनही साखर उतरत नाही आणि मानेची, काखेची कातडी काळवंडून मखमलीसारखी जाड होते, असे काही दुर्मीळ रुग्ण एनआयएचमध्ये तपासले जात होते. जेफ्री फ्लायर, रोनाल्ड कान आणि रॉथ यांनी 1975 मध्ये दाखवले, की त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात स्वतःच्याच इन्सुलिन रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडे आहेत. रोगाचे कारण कळले. शिवाय एक हत्यारही हाती आले. शेकडो प्रथिनांच्या काढ्यातून नेमका रिसेप्टर धरून बाहेर काढू शकेल असे त्या वेळी दुसरे काहीच नव्हते. रुग्णाचा रक्तद्रव ते काम करत होता.

जपानहून आलेले मासातो कासुगा कान यांच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी पेशींना किरणोत्सारी फॉस्फरस दिला, मग इन्सुलिन दिले, पेशी विरघळवल्या आणि प्रतिपिंडांनी रिसेप्टर ओढून काढून जेलवर चालवला. क्ष-किरण फिल्मवर 95,000 रेणुभाराच्या जागी पट्टा उमटला आणि इन्सुलिन दिलेल्या नमुन्यात तो गडद होता. 1982 च्या शोधनिबंधाचा आशय एवढाच: इन्सुलिन चिकटले की रिसेप्टरच्या स्वतःच्या अंगावर फॉस्फेट चढते. त्याच वर्षी पेशीबाहेर, परीक्षानळीतही तेच घडताना दिसले, आणि फॉस्फेट टायरोसिन या अमिनो आम्लावर चढते हे कळले. रिसेप्टर हा निरोप्या तर होताच. तो विकरही निघाला.

टायरोसिनवर फॉस्फेट चढते, हेच मुळात तीन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हते. तोवरची सारी उदाहरणे सेरिन आणि थ्रिओनिनची होती. 1979 मध्ये कॅलिफोर्नियातील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर यांनी कर्करोगकारक विषाणूंच्या प्रथिनांवर काम करताना नवा बफर न बनवता जुनाच वापरला. वापरून वापरून त्याचा सामू 1.9 वरून 1.7 वर उतरला होता, आणि नेमक्या त्या आम्लतेला फॉस्फोटायरोसिनचा ठिपका फॉस्फोथ्रिओनिनपासून सुटा झाला. ताज्या बफरमध्ये दोन्ही एकत्र धावले असते. सामान्य पेशीतल्या प्रथिनांवरच्या फॉस्फेटपैकी टायरोसिनवरचा वाटा साधारण 0.03 टक्के. इतक्या अल्प प्रमाणातली गोष्ट पेशीच्या वाढीचे आणि चयापचयाचे निर्णय घेते, हे पचायला अनेकांना वेळ लागला.

1985 मध्ये रिसेप्टरच्या जनुकाचा क्रम दोन गटांनी वाचला. दोन अल्फा साखळ्या पेशीबाहेर असतात आणि इन्सुलिन धरतात; दोन बीटा साखळ्या आवरण भेदून आत उतरतात आणि त्यांच्या आतल्या भागात विकर असते. बाहेरचे चिकटणे आत कसे कळते, याचे चित्र मात्र थेट 2018 नंतर, क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे स्पष्ट झाले. इन्सुलिन नसताना रिसेप्टरचे दोन पाय एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे आतली दोन विकरे एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. इन्सुलिन बसले की बाहेरचा सांगाडा वळतो, इंग्रजी टी अक्षराचा आकार घेतो, पाय जवळ येतात आणि दोन्ही विकरे एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. पूर्ण भरलेल्या अवस्थेत एका रिसेप्टरवर इन्सुलिनचे चार रेणू दिसले.

पुढे निरोप कोणाकडे जातो, हे कान यांच्याच प्रयोगशाळेतले दुसरे पोस्टडॉक मॉरिस व्हाइट यांनी 1985 मध्ये पकडले. या वेळी प्रतिपिंडे रिसेप्टरविरुद्ध नव्हती, फॉस्फोटायरोसिनविरुद्ध होती. म्हणजे ज्या ज्या प्रथिनाच्या टायरोसिनवर फॉस्फेट आहे ते सारे जाळ्यात. इन्सुलिन दिल्यावर मिनिटाच्या आत 185,000 रेणुभाराचा एक पट्टा उगवला. त्याचे जनुक हाती यायला आणखी सहा वर्षे लागली. 1991 मध्ये त्याला आयआरएस-1 हे नाव मिळाले. हे प्रथिन स्वतः कोणतीही रासायनिक क्रिया घडवत नाही. त्याच्यावर टायरोसिनच्या अनेक जागा आहेत आणि तिथे फॉस्फेट चढले की इतर प्रथिने येऊन बसतात. हे जनुक काढून टाकले तर उंदराला मधुमेह होईल अशी खात्री होती. 1994 मध्ये टोकियो आणि बॉस्टन इथल्या दोन गटांनी ते काढले. उंदीर खुजे निपजले, इन्सुलिनला थोडी कमी दाद देऊ लागले, पण मधुमेह झाला नाही. आयआरएस-2 हा भाऊबंद काम सांभाळत होता. 1998 मध्ये तो काढला तेव्हा मात्र मधुमेह झाला.

आयआरएसवर येऊन बसणाऱ्यांत सर्वांत महत्त्वाचे विकर पीआय-3 कायनेज. लुईस कँटली यांच्या गटाने 1988 मध्ये दाखवले, की ते फॉस्फेट प्रथिनावर चढवत नाही, आवरणातल्याच एका स्निग्ध रेणूवर चढवते, आणि तेही त्या रेणूतल्या वलयाच्या तिसऱ्या जागी, जिथे कोणी पाहिले नव्हते. या खुणेकडे एकेटी नावाचे प्रथिन ओढले जाते. तिथे त्याला जागे करणारे पीडीके-1 हे विकर 1997 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी इथे फिलिप कोएन यांच्याकडे पोस्टडॉक असलेल्या डॅरिओ अलेसी यांनी वेगळे केले. एकेटीपाशी साखळीला फाटे फुटतात. एका फाट्यावर ग्लायकोजेन बनवणाऱ्या विकराचा लगाम सैल होतो आणि साखर साठू लागते. एका फाट्यावर प्रथिने बनू लागतात. स्नायूत आणि मेदात तिसरा फाटा साखरेच्या दाराकडे जातो.

ते दार म्हणजे ग्लूट-4. 1980 मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे असा निष्कर्ष काढला, की इन्सुलिन दारे उघडत नाही, तर पेशीच्या पोटात पुड्यांत ठेवलेली दारे आवरणात आणून बसवते. 1988 मध्ये बॉस्टनला पोस्टडॉक असलेले ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड जेम्स यांनी या खास दाराचे प्रथिन ओळखले. पुड्यांना पुढे सरकू न देणारा एक अडसर असतो, टीबीसी1डी4 नावाचा. एकेटी त्याच्यावर फॉस्फेट चढवते आणि अडसर निघतो. या कडीचे महत्त्व पटवणारा पुरावा ग्रीनलंडमधून आला. तिथल्या सुमारे 4 टक्के लोकांमध्ये या जनुकाच्या दोन्ही प्रती तुटक्या आहेत आणि त्यांना टाइप 2 मधुमेहाची शक्यता सुमारे दहापट, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. स्नायू आकुंचन पावतात तेव्हाही ग्लूट-4 आवरणात येते, पण ते इन्सुलिनच्या रिसेप्टरला वळसा घालून, वेगळ्या वाटेने. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या माणसाची साखरही चालण्याने उतरते, ती यामुळे.

यकृताचे प्रकरण निराळे आहे. तिथे साखरेचे दार कायम उघडे असते, त्यामुळे दार बसवण्याचा प्रश्नच नाही. उपाशी असताना यकृत साखर बनवून रक्तात सोडत असते. ते थांबवणे हे तिथे इन्सुलिनचे पहिले काम. फॉक्सओ-1 हे प्रथिन केंद्रकात बसून साखर बनवणारी जनुके चालू ठेवते; एकेटीने फॉस्फेट चढवले की त्याला केंद्रकाबाहेर पडावे लागते. इन्सुलिन रिसेप्टर आणि फॉक्सओ या जोडीचे जुने रूप एका मिलिमीटरच्या सूत्रकृमीत आहे. सिंथिया केन्यन यांनी 1993 मध्ये दाखवले होते, की डॅफ-2 या जनुकात बिघाड झालेला कृमी दुप्पट जगतो. चार वर्षांनी हे जनुक इन्सुलिन रिसेप्टरच्याच कुळातले निघाले.

उपाशीपोटीचा उलटा निरोप ग्लुकागॉन आणतो. त्याचा रिसेप्टर वेगळ्या आणि फार मोठ्या कुळातला. आवरणातून सात वेळा ये-जा करणारी एकच साखळी, आणि आत चक्रीय एएमपी नावाचा छोटा रेणू, जो अर्ल सदरलँड यांनी 1950 च्या दशकात शोधला. या कुळाचा अभ्यास अॅड्रिनलिनच्या रिसेप्टरवरून पुढे सरकला. रॉबर्ट लेफकोविट्झ यांच्याकडे शिकाऊ संशोधक असताना ब्रायन कोबिल्का यांनी 1986 मध्ये त्याचे जनुक मिळवण्यात मोठा वाटा उचलला, आणि 2012 चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांना मिळून मिळाले. त्याच प्रयोगशाळेत नंतर पोस्टडॉक केलेले अरुण शुक्ला आज आयआयटी कानपूरमध्ये याच कुळातल्या रिसेप्टरवर काम करतात.

साखळी इतकी तपशिलात कळली, तर टाइप 2 मधुमेहात ती कुठे तुटते हेही कळायला हवे होते. ते तितके सरळ निघाले नाही. कान यांच्या प्रयोगशाळेत जर्मनीहून आलेल्या येन्स ब्रुनिंग यांनी 1998 मध्ये फक्त स्नायूंतला इन्सुलिन रिसेप्टर काढलेले उंदीर तयार केले. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात, तेव्हा या उंदरांची साखर चढायला हवी होती. ती चढली नाही. 2003 मध्ये, जर्मनीहूनच आलेले माटियास ब्ल्यूअर पहिले लेखक असलेल्या शोधनिबंधात, फक्त मेदपेशींतला रिसेप्टर काढलेले उंदीर आले. ते सडपातळ राहिले आणि सरासरी 18 टक्के जास्त जगले. यकृतातला रिसेप्टर काढल्यावर मात्र साखर बिघडली. एक अवयव बहिरा झाला की दुसरे अवयव त्याची भरपाई करतात, आणि भरपाईचे गणित एकट्या पेशीकडे पाहून सुटत नाही.

यकृतातला आणखी एक पेच मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी 2008 मध्ये नेमका मांडला. रिसेप्टरच नसलेल्या यकृतात साखर वाढते, पण चरबी साठत नाही. टाइप 2 मधुमेहात दोन्ही वाढतात. म्हणजे साखर थांबवण्याचा निरोप पोचत नाही आणि चरबी बनवण्याचा पोचतो. तोही वाढीव, कारण स्वादुपिंड तोवर इन्सुलिन भरमसाट ओतत असते. एकाच रिसेप्टरमागची साखळी एका फाट्यावर बंद आणि दुसऱ्यावर चालू कशी राहते, यावर दोन-तीन पक्ष आहेत. पेशीत साचलेले स्निग्ध रेणू रिसेप्टरला मुके करतात, हा येलमधील जेराल्ड शुलमन यांचा पक्ष. मेदातली दाहकारक द्रव्ये ते करतात, हा दुसरा. त्याची सुरुवात गोखान होतामिशलिगिल यांच्या 1993 च्या उंदरांवरील कामातून झाली. दोन्हींना भरपूर पुरावा आहे आणि दोन्हींना न जुमानणारी उदाहरणेही आहेत.

पुण्याचा या प्रश्नाशी संबंध जुना आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये आसपासच्या गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी राखलेली. पुण्यात आणि लंडनमध्ये जन्मलेल्या बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना केली, तेव्हा पुण्याच्या हलक्या बाळांत इन्सुलिन जास्त निघाले. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक 22.3, शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. इथे ग्रीनलंडसारखी एकच कडी तुटलेली नाही. जन्माआधीपासून सारी साखळीच वेगळ्या बैठकीवर बसलेली दिसते, आणि कोणत्या कडीवर तिची सुरुवात होते, ते ठरायचे आहे.

पुण्याचेच जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे यांनी तर मूळ गृहीतकालाच हात घातला. अवयवनिहाय रिसेप्टर काढलेल्या उंदरांच्या याच निष्कर्षांकडे बोट दाखवून ते म्हणतात, की उपाशीपोटीची साखर इन्सुलिनच्या संदेशवहनाने ठरते हे सिद्धच झालेले नाही. तिची सूत्रे मेंदूत शोधावीत. बहुसंख्य तज्ज्ञांना हे मान्य नाही. पण आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही, कारण त्याचा पुरावा विरोधकांच्याच प्रयोगशाळांतून आलेला आहे.

आज या क्षेत्रात येणाऱ्या पोस्टडॉकचे काम एक पट्टा शोधण्याचे राहिलेले नाही. डेव्हिड जेम्स यांच्या गटाने 2013 मध्ये उंदराच्या मेदपेशींत 37,248 जागी फॉस्फेट मोजले. त्यांपैकी सुमारे 15 टक्के जागा इन्सुलिनने बदलल्या. कोणत्या बदलाने खरेच काही घडते आणि कोणता नुसताच वाहत आलेला आहे, हे वेगळे करणे हे आता वर्षानुवर्षांचे काम आहे. असे प्रयोग बरेचदा 3टी3-एल1 या उंदराच्या पेशींवर होतात. त्या मुळात मेदपेशी नसतात; इन्सुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स यांचे मिश्रण देऊन आठ-दहा दिवसांत त्यांच्यात चरबीचे थेंब दिसू लागेपर्यंत थांबावे लागते. प्रयोगाआधी त्यांना रक्तद्रवाविना काही तास उपाशी ठेवतात, कारण रक्तद्रवातच इन्सुलिन आणि त्याचे भाईबंद असतात.

माणसावर हाच प्रश्न विचारायचा तर शिरेतून इन्सुलिनचा स्थिर प्रवाह सोडतात, साखर खाली जाऊ नये इतके ग्लुकोज सोबत देत राहतात आणि मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा इन्सुलिनच्या आधी एकदा व नंतर एकदा काढतात. किती ग्लुकोज द्यावे लागले, यावरून तो माणूस इन्सुलिनला किती दाद देतो ते कळते. दोन तुकड्यांच्या तुलनेतून त्याच्या स्नायूत साखळी कुठवर चालली ते कळते. दोन्ही तुकडे निघताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये टाकावे लागतात, कारण फॉस्फेट उतरवणारी विकरे शरीराबाहेर आल्यावरही काही काळ आपले काम करतच असतात.